गाडीतला उंदीर आणि पोटरीतलं दुखणं

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ रक्तदाब तपासायला आले होते. हाताला पट्टा बांधता बांधता म्हणाले, "डॉक्टर, रक्तदाबाचं राहू द्या. गाडीत उंदीर शिरलाय, त्यावर काही उपाय सांगा." बाहेर बसलेले दोघे-तिघे हसले. मी मात्र त्यांना समोर बसवून दहा मिनिटं बोललो. दर पावसाळ्यात हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतोच. एका वर्षी मी तो गांभीर्याने घेतला नव्हता, आणि त्याची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली. ती हकिगत आज सांगतो.

माझा दवाखाना पेणला. दर गुरुवारी मी रोह्याला पेशंट तपासायला जातो. वडखळ, नागोठणे, तिथून महामार्ग सोडून भिसे खिंडीतून रोहा, असा हा रस्ता. या रस्त्यावर नेहमी गाडी चालवणारी माणसं भेटली की तब्येतीच्या आधी गाडीची चौकशी होते. महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम इथे २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून खड्डे, शॉकअप आणि टायर हे आमचे बारमाही विषय. उन्हाळ्यात एसी, पहिल्या पावसात वायपर आणि बॅटरी. आणि भातलावणी सुरू झाली, शेतात पाणी भरलं, की उंदीर.

गुरुवारची सकाळ

त्या वर्षी जुलैमधल्या एका गुरुवारी सकाळी साडेसातला गाडीला चावी लावली. स्टार्टर फिरला, पण इंजिन काही सुरू होईना. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा पेटून राहिला. बॉनेट उघडलं तर तीन-चार वायरी कुरतडलेल्या, आणि बॅटरीच्या बाजूला सुकी पानं, चिंध्या, कापूस यांचं व्यवस्थित घरटं. चिंध्यांमध्ये पोह्याच्या पापडाचे तुकडे होते! रोह्याच्या एका स्नेह्यांना द्यायला म्हणून घेतलेलं पापडाचं पाकीट मी डिकीत विसरलो होतो. म्हणजे उंदराला पेणचं आमंत्रण मीच दिलं होतं.

रोह्याला निरोप पाठवला आणि चालत दवाखान्यात गेलो. बातमी माझ्या आधी पोचली होती. त्या सकाळी पेशंटनीच मला तपासलं म्हणायला हरकत नाही. एक आजी म्हणाल्या, "डांबरगोळ्या ठेवा, फिरकणार नाही." रिक्षावाले काका म्हणाले, "तंबाखूची पानं बांधा इंजिनला." शाळेतले गुरुजी म्हणाले, "रात्री बॉनेट उघडं ठेवा. त्याला ऊब आणि अंधार हवा असतो, तो मिळाला नाही की जातो." एकाने रॉकेल शिंपडायला सांगितलं, तर दुसऱ्याने विषाच्या वड्या. या सल्ल्यांचं पुढे बघू.

दुपारी आमचे नेहमीचे मेकॅनिक आले. कामाला चोख माणूस. पाऊस धो धो पडत होता. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा. त्यांनी उघड्या हाताने ओलं घरटं उचललं आणि गटारात टाकलं. मग आतल्या कप्प्यामागचा केबिन फिल्टर काढला. तो भिजलेला, लेंड्यांनी भरलेला, मुतारीसारखा वास मारत होता. तोही हातानेच. त्यांच्या दोन बोटांवर कापलेल्या जखमा होत्या, एकीवर वायरिंगची काळी टेप गुंडाळलेली. काम झाल्यावर त्यांनी हात पँटला पुसले आणि घरातून आलेला चहा घेतला. आम्ही गप्पा मारल्या. मी पैसे दिले.

घरापासून पाच मिनिटांवरच्या माझ्या दवाखान्यात भिंतीवर पोस्टर होतं: 'पावसाळ्यात लेप्टोपासून सावध राहा.' ते मीच लावलं होतं.

अकरावा दिवस

अकराव्या दिवशी मेकॅनिक दवाखान्यात आले. ताप, डोकं दुखतंय, अंग मोडून आलंय. त्या आठवड्यात असे वीसेक पेशंट रोज येत होते. घसा पाहिला, छाती तपासली, पॅरासिटामॉल दिली आणि "व्हायरल दिसतंय, दोन दिवसांत बरं वाटेल" असं सांगितलं. इतर पेशंटना शेतावर जाता का, पाण्यात चालावं लागतं का, असं मी विचारतो. त्यांना विचारलं नाही. ओळखीचा माणूस होता, त्यामुळे त्याचं सगळं आपल्याला माहीतच आहे असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्यांचा भाऊ त्यांना धरून घेऊन आला. दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढवत नव्हत्या. "डॉक्टर, पोटऱ्या कोणीतरी पिळतंय असं दुखतंय." पोटरीला हात लावला तर ते कळवळले. डोळे लाल होते, पण चिपडं किंवा पाणी नव्हतं. लघवी आदल्या दिवसापासून कमी झालेली. तेव्हा कुठे मी तो प्रश्न विचारला, "गेल्या दोन-तीन आठवड्यांत कुठे चिखलात, साचलेल्या पाण्यात, उंदरांच्या जागी हात घातला होतात का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमच्याच गाडीतलं घरटं नाही का काढलं मी?"

लगेच प्रतिजैविक सुरू केलं आणि त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवलं. प्लेटलेट कमी झाल्या होत्या, क्रिएटिनीन वाढलं होतं, म्हणजे मूत्रपिंडावर परिणाम सुरू झाला होता. लेप्टोची तपासणी पॉझिटिव्ह आली. सुदैवाने डायलिसिसची वेळ आली नाही. बारा दिवसांनी ते घरी आले आणि महिन्याभराने गॅरेजात.

त्यांना जंतू माझ्याच गाडीतून मिळाला, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पावसाळाभर ते ओल्या जमिनीवर पाठ टेकून गाड्यांखाली काम करतात, तिथेही उंदीर असतात. पण त्याने माझी चूक लहान होत नाही. मला सगळं माहीत होतं आणि मी छत्री धरून बघत उभा होतो. दवाखान्यात यायच्या आधीच माणसाला एक हातमोजा देता आला असता.

लेप्टो म्हणजे काय?

लेप्टोस्पायरा हा स्क्रूसारखा पिळदार जंतू. तो उंदराच्या मूत्रपिंडात राहतो. उंदीर स्वतः ठणठणीत असतो, पण त्याच्या लघवीतून जंतू बाहेर पडत राहतात. गुरं, कुत्री, डुकरं यांच्याकडूनही तो पसरतो. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात तो कित्येक आठवडे तग धरतो. सुकलं, कडक ऊन लागलं की मरतो. म्हणून हा आपल्याकडे पावसाळ्याचा आजार.

जखमेतून, खरचटलेल्या किंवा पाण्याने पांढऱ्या पडलेल्या त्वचेतून, तसंच डोळे, नाक, तोंड यांच्या आतल्या नाजूक त्वचेतून तो शरीरात शिरतो. भातशेती करणारे, गटारं साफ करणारे, गुरं सांभाळणारे यांना धोका जास्त. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली, ती पुराच्या पाण्यातून चाललेल्या हजारो पायांमुळे.

जंतू शिरल्यापासून साधारण ५ ते १४ दिवसांत त्रास सुरू होतो. कधी दोनच दिवसांत, तर कधी महिन्याभराने. एकदम चढलेला ताप, जोराची डोकेदुखी, पोटऱ्या आणि कंबर दुखणं, चिपडं न येता लाल झालेले डोळे, ही नेहमीची लक्षणं. बहुतेकांना आजार सौम्य होतो. काहींना मात्र कावीळ होते, मूत्रपिंडं बिघडतात किंवा फुफ्फुसात रक्तस्राव होतो. त्या अवस्थेत जीव जाऊ शकतो. आधीच ओळखला तर तो साध्या, स्वस्त प्रतिजैविकांनी बरा होतो. पहिल्या काही दिवसांत रक्तातली अँटिबॉडीची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून संशय असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात.

संशय येतो कशावरून? तुम्ही काय सांगता त्यावरून. इटलीतले डॉक्टर बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात ते म्हणतात की रोग्याला त्याचा धंदा काय, हेही डॉक्टरने विचारायला हवं. तीनशे वर्षांनंतरही आम्ही विसरतो. म्हणून आम्ही नाही विचारलं तरी तुम्ही सांगा.

आता गाडीकडे वळू

उंदीर बॉनेटखाली येतो कारण बिळात पाणी शिरलेलं असतं आणि इंजिनजवळ ऊब, कोरडेपणा, आडोसा मिळतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावं लागतं. वायरी आयत्याच समोर असतात. आता मला मिळालेले सल्ले एकेक करून तपासू.

- डांबरगोळ्या: इंजिनजवळ ठेवल्या तर त्यांचा वास ब्लोअरमधून आत येतो. डोकं दुखतं, मळमळतं. ज्या मुलांना जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलिनमुळे फुटू शकतात. घरात तान्हं बाळ असेल तर गाडीत डांबरगोळ्या नकोतच. मूल त्या गोळी समजून तोंडातही घालतं.
- तंबाखूची पानं: वास आहे तोवर थोडाफार उपयोग. पण सुकी पानं तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपाजवळ कधीही नकोत.
- रॉकेल, डिझेल शिंपडणं: आगीला आमंत्रण. अजिबात नको.
- विष: उंदीर ब्लोअरमध्ये जाऊन मरतो आणि महिनाभर गाडीत बसवत नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर मुलाच्या हाती लागली तर यकृत निकामी करू शकते. ती घरातही ठेवू नका.
- बॉनेट उघडं ठेवणं: गुरुजी बरोबर होते. गाडी छपराखाली असेल तर जरूर करा.
- जाळी: हवा आत घेण्याच्या तोंडाला बारीक तारेची जाळी मेकॅनिककडून बसवून घ्या. हा मला सगळ्यात टिकाऊ उपाय वाटतो.
- खाऊ: गाडीत वेफर्स, प्रसाद, पापड काही ठेवू नका. कचराकुंडी, भाताची पोती, लाकडाचा ढीग यांच्याजवळ गाडी लावू नका. उभी गाडी दोन दिवसांनी तरी हलवा.

घरटं सापडलं तर

- इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बॉनेट आणि दारं अर्धा तास उघडी ठेवा.
- रबरी हातमोजे घाला. हाताला जखम असेल तर आधी पाणी आत न जाणारी पट्टी लावा. नाकातोंडावर मास्क.
- कॉम्प्रेसरची हवा मारू नका, सुकं झाडूही नका. घाण हवेत उडून डोळ्यांत, नाकात जाते.
- घरट्यावर आणि लेंड्यांवर जंतुनाशक फवारा, पाच मिनिटं थांबा, मग कागदाने उचलून दुहेरी पिशवीत बांधून टाका. वायरिंग आणि धातूवर ब्लीच ओतू नका. तिथे जंतुनाशकात भिजवून पिळलेला कपडा फिरवा.
- घाण झालेला केबिन फिल्टर धुऊन परत बसवू नका, नवा घाला.
- शेवटी साबणाने हात धुवा. चहा त्यानंतर.

हे काम मेकॅनिक करणार असेल तर हातमोजे त्याला तुम्ही द्या. गाडी तुमची आहे.

डॉक्टरकडे केव्हा जायचं?

पाण्यात, चिखलात किंवा उंदरांच्या घाणीत काम केल्यावर महिन्याभरात ताप आला तर पहिल्याच दिवशी जा आणि ते काम आठवणीने सांगा. पोटऱ्या दुखणं, लाल डोळे, पिवळेपणा, लघवी कमी होणं, धाप लागणं यांपैकी काही असेल तर एक तासही थांबू नका. तापावर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी मेडिकलमधून स्वतःहून घेऊ नका, मूत्रपिंडाला धोका होतो. पुराच्या पाण्यात काम करणाऱ्यांना प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन दिली जाते, पण ती डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यायची. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना ती सरसकट चालत नाही.

आमचे मेकॅनिक आता गॅरेजात हातमोज्यांचा डबा ठेवतात आणि हाताखालच्या पोरांना ते घालायला लावतात. माझ्या गाडीच्या पुढच्या कप्प्याला ग्लोव्ह बॉक्स म्हणतात. त्यात इतकी वर्षं टोलच्या पावत्या होत्या, आता हातमोज्यांच्या दोन जोड्या असतात. गेल्या पावसाळ्यात गाडी पुन्हा बंद पडली तेव्हा ते बॉनेट उघडण्याआधी माझ्यापुढे हात करून उभे राहिले. मी निमूटपणे एक जोडी काढून दिली.