नंबर आणि नाव

व्हिडिओ गेम म्हटलं की आपण बायका कपाळाला आठ्या घालतो. मुलांचे डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, जेवायला दहा हाका माराव्या लागतात, हे सगळं खरंच आहे. पण मध्यंतरी माझ्या भाच्याने असल्याच एका खेळातल्या सुधारणा आम्हाला समजावून सांगितल्या आणि त्यातून माहेरी जो विषय निघाला, तो अजून काही मिटलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

माझं माहेर कन्हेरी, बारामतीजवळचं. कन्हेरीचा मारुती म्हटलं की लोकांना निवडणुकीच्या प्रचाराचे नारळ आठवतात. आम्हाला आठवतो तो ऊस आणि गोठा. धाकटी बहीण अमेरिकेत, मिशिगनला असते. तिचा सोळा वर्षांचा मुलगा सुटीत मामाकडे आला तो खेळाचं यंत्र बॅगेत घालूनच. मामाच्या टीव्हीला ते जोडलं आणि सुरू झाला तिथल्या कॉलेजांचा फुटबॉल.

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे बरं का! लांबुळका चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन अडवायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्यांकडे. वहिनी म्हणाली, "अगं, हा तर चेंडू घेऊन हुतूतू!" तिचं काही फारसं चुकलं नाही.

"मावशी, नवा गेम खूप सुधारलाय," भाचा सांगू लागला. मला वाटलं, चित्रं अधिक खरी दिसत असतील. पण सुधारणा निराळ्याच होत्या. एक म्हणजे गोंगाट. पाहुणा संघ दुसऱ्याच्या मैदानात खेळत असला की प्रेक्षकांच्या आरडाओरड्याने पडदा हादरतो, चाली दाखवणाऱ्या रेघा वेड्यावाकड्या होतात, आणि नवख्या पोरांना काही सुचेनासं होतं. मिशिगनच्या खऱ्या मैदानात लाखावर माणसं बसतात म्हणे. वहिनी शेंगा सोलता सोलता म्हणाली, "नव्या सुनेचं पहिलं वर्ष असंच असतं की!"

दुसरी सुधारणा झिजेची. कुणाला कुठे दणका बसला, खांद्याला की गुडघ्याला, याची नोंद यंत्र ठेवतं. गुडघ्याला फार मार बसला की तो गडी मंदावतो, आणि ती झीज पुढच्या आठवड्याच्या सामन्यापर्यंतही पुरते. २०२५ च्या आवृत्तीत तर डाव सुरू व्हायच्या आधी दमलेल्याला बाहेर काढून ताज्या दमाचा गडी चटकन आत घेता येतो. वहिनीने आपल्या दुखऱ्या गुडघ्यावरून हात फिरवला. तीस वर्षं पहाटेची धार आणि मग शेत. पण तिच्या झिजेची नोंद ठेवणारं यंत्र काही निघालं नाही आणि बदली गडी तर नाहीच नाही.

मग तिने सहज विचारलं, "ही पोरं खरी आहेत का रे?"

"हो मामी. खरी नावं, खरे चेहरे. पण पूर्वी नुसते नंबर असायचे."

आणि त्याने जी हकिगत सांगितली, ती ऐकून आम्ही दोघी हातातलं काम सोडून बसलो. पूर्वीच्या खेळात कॉलेजच्या खेळाडूंची नावं नसत. पण नंबर, उंची, अंगकाठी सारं हुबेहूब. कमाई कंपनीची आणि कॉलेजांची, मुलांना त्यातला छदाम नाही. एड ओबॅनन नावाच्या बास्केटबॉलपटूने मित्राच्या घरी असल्याच एका खेळात स्वतःला पाहिलं. टक्कल तेच, डावा हात तोच, नंबर तोच, फक्त नाव नव्हतं! २००९ मध्ये त्याने दावा लावला, २०१४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. या भांडणापायी फुटबॉलचा खेळ २०१३ नंतर निघायचाच बंद झाला. २०२१ मध्ये नियम बदलून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करायची मुभा मिळाली, आणि २०२४ च्या जुलैत खेळ पुन्हा आला. या वेळी प्रत्येकाची संमती विचारली. होकार देणाऱ्याला ६०० डॉलर, म्हणजे सुमारे ५० हजार रुपये, आणि खेळाची एक प्रत. दहा हजारांवर मुलांनी होकार दिला. ज्याने नाही म्हटलं, त्याच्या जागी खोटा गडी.

मी म्हटलं, एवढ्या मोठ्या धंद्यात ६०० डॉलर म्हणजे चिंचोकेच की! वहिनी म्हणाली, "असू देत. पण विचारलं तर खरं."

थोडा वेळ ती गप्प राहिली. मग दादाकडे वळून अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, आपल्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे का?"

दादा हसला. "तुझंच तर आहे सगळं. कागदावर असलं काय नि नसलं काय?"

"मग असू द्या की."

दादा वाईट माणूस नाही. आपल्याकडच्या हजार घरांतला पुरुष जे बोलेल तेच तो बोलला. याच महाराष्ट्रात १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोच्या नावावर जमीन करा असं शेतकऱ्यांना सांगितलं होतं. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव लिहावं लागतं. लेकराच्या नावात आपण आलो. शेताच्या कागदावर मात्र अजून पुष्कळजणी यायच्या आहेत.

मैत्रिणींनो, भांडण करा असं मी म्हणत नाही. पण घराचा, शेताचा, बँकेच्या ठेवीचा कागद एकदा उघडून पाहायला काय हरकत आहे? आपलं नाव कुठे आहे आणि कुठे नाही, एवढं तरी ठाऊक असावं. नसलं, तर विचारावं, आणि चारचौघांसमोर वाद घालण्यापेक्षा वहिनीसारखं सरळ घरच्या माणसाला विचारावं.

भाचा परत गेला. दादा त्या विषयावर नंतर काही बोलला नाही. पण परवा मी गेले तेव्हा कळलं, त्याने सातबाऱ्याचा नवा उतारा काढून आणला आणि मुकाट्याने वहिनीच्या हातात दिला. त्यावर नाव अजून एकट्याचंच आहे. वहिनीने तो रेशनकार्डाच्या पिशवीत नाही ठेवला; फ्रिजच्या दारावर लावून ठेवलाय, दादा रोज पाणी घेतो तिथे.