सासरचं गाव, माहेरचं शहर

परदेशातून निवृत्त होऊन परतायचं ठरवलेल्या जोडप्यांमध्ये एक वाद हमखास होतो आणि तो सहसा घराबाहेर जात नाही. नवऱ्याला गावी जाऊन राहायचं असतं, बायकोला शहर हवं असतं. न्यू जर्सीत ओळखीच्या कितीतरी घरांत मी तो ऐकला. आमच्याकडेही झाला. ह्यांचं गाव मंगळवेढा तालुक्यातलं, माझं माहेर सोलापूर. मधलं अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरचं, पण त्यावरून आम्ही दोघं पुष्कळ दिवस बोललो, भांडलो, गप्प बसलो.

ह्यांचं म्हणणं मला मनापासून कळतं. मंगळवेढ्याची काळी जमीन ज्यानं लहानपणी पायाखाली घेतली, त्याला दुसरी माती माती वाटत नाही. भेगाळलेल्या रानात, दवावर आणि जमिनीतल्या ओलीवर मालदांडी ज्वारी उभी राहते. थंडीत तिचा हुरडा. तिथल्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या घरात ह्यांनी त्या बातमीचं कात्रण फ्रिजवर लावलं होतं. हे मी हसण्यावारी नेलं नाही, आजही नेत नाही.

पण ह्यांच्या आठवणीतलं गाव कुणाच्या हातांवर चालत होतं, ते मी लग्न होऊन गेले तेव्हा पाहिलं. सासूबाई पहाटे उठून चूल पेटवायच्या, दोघी चुलत सासवा भाकरी थापायच्या, आडावरून पाणी पुतण्या आणायच्या. पुरुष माणूस रानातून आला की पाण्याचा तांब्या पुढे व्हायचा. त्या शांततेमागे एवढ्या बायकांचे कष्ट होते. आज वाड्यात दोन खोल्या उघड्या आहेत. पोरं पुण्याला, चाकण-हिंजवडीला. जे उरलेत ते आमच्याच वयाचे, आणि एकमेकांचं करता करता थकलेले. तिथं जाऊन राहायचं म्हणजे त्या थकलेल्यांवर आणखी दोन म्हातारी माणसं घालायची.

आणि तिथं गेले की मी पुन्हा धाकटी सून होते. पासष्टी उलटलेली, तीस वर्षं स्वतःची गाडी चालवलेली, हिशेबाच्या नोकरीत माणसं सांभाळलेली बाई पारासमोरून जाताना डोक्यावर पदर घेते. कुणी तसं सांगत नाही, हात आपोआप वर जातो. ह्यांना गावात लहानपण परत मिळतं. मला सासुरवास परत मिळतो, प्रेमळ असला तरी. याबद्दल बायका बोलत नाहीत, कारण बोललं तर गावाचा अपमान केल्यासारखं होतं. मला तो करायचा नाही. पण उतारवयात कुठं राहायचं हे ठरवताना कुणाचं गाव आणि कुणाचं घर, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

कायदासुद्धा परतणाऱ्याला शहराकडेच ढकलतो. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलं त्यांना भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो आणि ओसीआय कार्ड काढावं लागतं. या कार्डावर सोलापुरात फ्लॅट घेता येतो, शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारसानं आली तर ठेवता येते. म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागायचं असेल तर ते वडिलांच्या मागं लागणार, पैशानं नाही. ज्यांच्या वाटण्या तोंडीच झाल्या, ज्यांनी तरुणपणी भावाला सगळं लिहून दिलं, अशा माणसांना साठीनंतर गावी घर बांधायची हौस येते आणि मग तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. जुने भाऊ तिथं नव्यानं दुरावतात. हे मी जवळच्या घरांत पाहिलं आहे आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

आजारपणाचं मात्र वाटतं तितकं सरळ नाही. शहरात दवाखाने, गावात काही नाही, असं म्हणून मोकळं होता येत नाही. आपल्याच जिल्ह्यात बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 साली तिथं सुरू झाली. शेजारच्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात खेड्यांतल्या एक लाखाहून अधिक बायकांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी अभ्यास झाला, त्यात या रुग्णालयाचा मोठा वाटा होता. 2009 साली तो प्रसिद्ध झाला आणि त्यातून आलेला निष्कर्ष जगभरच्या डॉक्टरांनी वापरला. तेव्हा खेड्याला मागास म्हणण्याआधी माणसानं बार्शीला जाऊन यावं.

तरीही पक्षाघात तारीख सांगून येत नाही. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमच्या गावाहून रात्री 108ला फोन करायचा, रुग्णवाहिका आडवाटेनं आत येणार, मग हमरस्ता, मग सोलापूर. आधी कुणाच्या लक्षात यायला हवं, हे तर वेगळंच. अमेरिकेचं मेडिकेअर इथं चालत नाही. इथल्या आरोग्य विम्यात नव्यानं शिरायला असलेली 65 वर्षांची मर्यादा एप्रिल 2024पासून उठली, पण आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि या वयात आधीचे आजार नाहीत असं कोण म्हणेल? म्हणून परतायचं असेल तर हातपाय चालतात तोवर परतावं, असं मी मागं राहिलेल्या मैत्रिणींना कळवळून सांगते.

सोलापूर काही सुखाचं आगर नाही. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढं जातो, भिंती रात्रीही गरम असतात. उजनी धरण जिल्ह्यात, शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, आणि शहरातल्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. धुळीनं ह्यांचा खोकला वाढला. मुलगी तिकडून फोनवर विचारते, कशासाठी राहता? तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. पण पाणी सुटलं की खालच्या मजल्यावरची तेलुगू वहिनी जिन्यातून हाक मारते, वरचे कानडी आजोबा मोटार चालू करायला नातवाला पाठवतात. ह्यांना बरं नसेल तर आमची टाकी कुणीतरी भरून ठेवतं. त्यांच्या नातवंडांचा इंग्रजी-गणिताचा अभ्यास मी घेते. पैशाचा विषय कधी निघत नाही.

गावात आम्ही ‘अमेरिकेवाले’ झालो होतो. देवळाच्या जीर्णोद्धाराला, कुणाच्या लग्नाला, शाळेच्या खोलीला आम्ही आनंदानं दिलं आणि यापुढेही देऊ. मात्र जो नुसता देतो त्याच्याकडे कुणी वाटीभर साखर मागायला येत नाही. शहरात आम्ही कुणी मोठे नाही, म्हणून शेजारी झालो. म्हातारपणी माणसाला दुसऱ्याची गरज लागतेच. ती फक्त पगारी माणसाकडून भागवायची असेल तर न्यू जर्सी काय वाईट होतं?

गावी जाऊन ज्यांचं आयुष्य सार्थकी लागलं अशी माणसंही याच जिल्ह्यात आहेत. मोहोळ तालुक्यातल्या अंकोलीला अरुण देशपांडे यांनी विज्ञानग्राम उभं केलं, पाणी साठवण्याचे आणि शेतीचे प्रयोग केले, शहरातल्यांनी पुन्हा खेड्याशी जोडून घ्यावं म्हणून धडपड केली. पण ते कामाच्या उमेदीत, काम करायला गेले. विश्रांतीसाठी खेड्यात जाणं ही फार वेगळी गोष्ट आहे. खेड्याकडे आता स्वतःच्या माणसांना द्यायलाही विश्रांती शिल्लक नाही.

आमचं सध्या असं ठरलं आहे: घर सोलापुरात. पेरणीला आणि सुगीला हे गावी जातात, पुतण्याकडे राहतात, खर्च वाटून घेतात. हुरड्याला मीही जाते आणि दोन दिवसांत परत येते. दोघांपैकी एक मागं राहिलं तर काय, हे मात्र ठरलेलं नाही. ह्यांना वाटतं, आपण एकटे उरलो तर गावीच जाऊ, आपल्या मातीत. मी स्पष्ट सांगितलं आहे की मी उरले तर इथून हलणार नाही, मुलीनं तिकीट पाठवलं तरी. सोसायटीच्या कागदांवर तेवढ्यासाठी माझं नाव पहिलं घालून घेतलं आहे.