बाहुलीच्या हातातील सुई

शिनोलीहून घोडेगाव, मंचर आणि अखेर पुणे असा प्रवास करून सात वर्षांच्या नातवाला आम्ही रुग्णालयात दाखल केले. ‘काही दुखणार नाही,’ असे मी त्याला सांगितले होते. पहिली सुई टोचली आणि त्याने माझ्याशी बोलणेच सोडले.

तिसऱ्या दिवशी समाजकार्याची एक विद्यार्थिनी आली. अभ्यासक्रमातील क्षेत्रकार्यासाठी तिची नेमणूक बालरुग्ण कक्षात होती. देशातील पहिला वैद्यकीय समाजसेवक १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेमला गेला. मला मात्र हे काम म्हणजे अर्ज भरून देणे, एवढेच वाटे.

सुनेला तिने ‘जेवलात का?’ इतकेच विचारले. सून तिथेच रडू लागली. मग कापडी बाहुलीच्या हाताला सलाईनची नळी चिकटवून ती नातवाला म्हणाली, ‘‘दुखेल, पण दहा मोजेपर्यंतच.’’ त्याने आधी बाहुलीला टोचले, नंतर स्वतःचा हात पुढे केला.

व्याजदर सांगितल्यावाचून मी बँकेत कोणा कर्जदाराची सही घेतली नव्हती. नातवाशी मात्र खोटे बोललो होतो.

संध्याकाळी पुन्हा रक्त घ्यायचे होते. ‘‘आजोबा, दुखेल?’’

‘‘दुखेल,’’ मी म्हणालो. आम्ही दोघांनी मिळून दहापर्यंत मोजले.