पंधरापैकी आठ

बुधवार पेठेतून दोन स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड आणले. टीपीए३११६ क्लास-डी, लॅपटॉपच्या चार्जरवर चालणारा. एलएम३८८६ मात्र क्लास-एबी, त्याला जड ट्रान्सफॉर्मर आणि भलाथोरला हीटसिंक. बाबांनी तिथेच निकाल दिला, "वजनदार तोच चांगला वाजणार."

तुलनेआधी मल्टिमीटर काढला. एकच सूर वाजवून दोघांचं स्पीकरच्या टोकांवरचं व्होल्टेज सारखं करायचं. कारण आवाज अर्धा डेसिबल जरी जास्त असला, तरी तो कानाला मोठा वाटत नाही, 'चांगला' वाटतो. दुकानातला डेमो तिथेच जिंकतो. आणि वॉट दुप्पट केले तरी वाढतात ३ डेसिबलच, तेव्हा खोक्यावरच्या आकड्याला फार भुलू नका.

बाबांना पाठमोरं बसवलं, किशोरीताईंचा भूप लावला. पंधरा वेळा अदलाबदल केली. त्यांनी आठ ओळखले, म्हणजे छापा-काट्याइतकेच. गाणं थांबवून ट्वीटरला कान लावला, तर टीपीएची बारीक सुसू येत होती, तेवढाच फरक.

"माझे कान गेले का रे?" बाबांचा आवाज खरंच पडला होता.

मग मी पाठमोरा बसलो, स्विच त्यांच्या हातात. माझे सात आले.

"ट्रान्सफॉर्मर परत घेतात का बघ," ते म्हणाले आणि भूप पुन्हा सुरू केला.