'फिर' आणि 'इसलिए'

आमच्या उर्दू शाळेतली मुले २०२३च्या 'पठाण'मधली आगगाडीवरची मारामारी हातवारे करून दाखवतात. शाहरुख आणि सलमान तिथे कशासाठी लढत होते, असे विचारले की वर्ग गप्प. त्यांच्या निबंधाच्या वहीतही 'फिर' पुष्कळ असते, 'इसलिए' नसते.

१९७५च्या 'शोले'तही आगगाडीवर डाकू तुटून पडतात. पण त्या चकमकीनंतर जय-वीरू, नाणे उडवून का होईना, जखमी ठाकूरला दवाखान्यात नेतात. म्हणून पुढे ठाकूर त्यांनाच शोधतो. सलीम-जावेद यांनी मारामारीतूनच माणसे ओळखीची करून दिली.

अहमदचा खून तर दिसतच नाही. गब्बर हातावरचा किडा चिरडतो आणि नंतर घोडा प्रेत घेऊन गावात येतो. आंधळे इमामसाहेब मुलाला चाचपडतात. ना स्फोट, ना धूर. तरी घशात आवंढा येतो. तोच बाप मग गावाला न झुकण्याचे बळ देतो.

देखाव्याशी माझे भांडण नाही. 'शोले'ही ७० मिमीच्या पडद्यावर आला होता. पण देखाव्याने 'इसलिए'ची जागा घेतली की मुलांना मरण दिसते. कोणाचा मुलगा गेला, ते कळत नाही.