तार दारापर्यंत

२४ फेब्रुवारी २०१०. ग्वाल्हेरच्या रूपसिंह स्टेडियमवर सचिनच्या नाबाद २००. शहराच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांत तेव्हा केबलचं राज्य. केबलवाल्याने छत्रीवर पकडलेला सिग्नल एकदम साऱ्या घरांत जायचा. पाहणारे दहा असोत की हजार, त्याला फरक पडत नसे.

*

६ ऑक्टोबर २०२४. शंकरपूरच्या नव्या स्टेडियमवर भारत-बांगलादेश टी-ट्वेंटी; जिओसिनेमावरही. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक पडद्यासाठी वेगळा प्रवाह निघतो. सामना ग्वाल्हेरात, बघणारे ग्वाल्हेरात, तरी चित्र सर्व्हरकडून फिरून काही सेकंद उशिराने येतं. शेजारी केबल असेल तर विकेट आधी ऐकू येते, मग दिसते.

*

व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत ठेवतात. मागचा तुकडा किती वेगाने उतरला, साठ्यात किती सेकंद उरले, हे बघून टीव्ही पुढचा मागवतो. चेंडू मध्येच धूसर होतो तो या हिशेबापायी. साठा संपला की गोल चक्र.

*

हे तुकडे घरापर्यंत आणणारी काचेची एक तार (फायबर) स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरांत वाटतात. घराकडे येणारा डेटा १४९० नॅनोमीटरच्या प्रकाशावर, घरातून जाणारा १३१० वर. १५५० वर केबल टीव्हीही सोडता येतो. म्हणजे सगळ्यांचा एक सिग्नल आणि ज्याचा त्याचा प्रवाह, दोन्ही एकाच तारेत सुखाने नांदतात.

*

खरी अडचण दाराच्या आत. तार पुढच्या खोलीत शिरते, राउटर तिथेच बसतो. टीव्ही मागच्या खोलीत, मध्ये जुन्या घराची जाडजूड दगडी भिंत. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झ पट्टा वेगवान, पण दगडात दम सोडतो. २.४ पलीकडे पोचतो, पण त्यावर शेजाऱ्यांच्याही राउटरची झुंबड. अडखळलेलं पॅकेट वाय-फाय पुन्हा पाठवतं. तरीही हरवलं, तर सर्व्हर बहुधा समजतो की वाटेत गर्दी आहे, आणि हात आखडतो. गर्दी नसते, भिंत असते.

*

आयपीटीव्हीत, म्हणजे ब्रॉडबँडच्या तारेवरून येणाऱ्या टीव्हीत, एकच प्रवाह अनेक घरांना पुरवता येतो. त्याला मल्टिकास्ट म्हणतात. तारेवर उत्तम. वाय-फायवर मात्र तो सावकाश जातो, पोचल्याची पावतीही मिळत नाही. म्हणून काही राउटर घरात त्याचे पुन्हा वेगवेगळे प्रवाह करतात.

*

तक्रार केली की माणूस येतो, राउटरला लॅपटॉप जोडतो: वेग पूर्ण. तोही खरा, मागच्या खोलीतला थांबलेला सामनाही खरा. उपाय स्वस्त आहे: चौकटीच्या कडेने लॅनची वायर. टीव्ही काही घरभर हिंडत नाही. त्याला तार द्यावी, वाय-फाय फोनसाठी मोकळं ठेवावं.