आमची जिव्हा व आमचें मौन

तीस वर्षांवर आम्ही शाळेंत संस्कृत शिकविलें. दंत्य कोणतें, मूर्धन्य कोणतें, हें मुलांच्या गळीं उतरविण्यांतच आमची जिव्हा झिजली. तीच उतारवयांत आम्हांस दगा देऊं लागली. एके सायंकाळीं परवचा घेतांना नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही 'चाळीस'चें 'चालीस' कां म्हणतां ?"

कारण आम्हांस ठाऊक होतें. जिभेच्या उजव्या कडेस वाटाण्याएवढी गांठ आली होती. ती दुखत नव्हती, पण हळूहळू वाढत होती. सात महिने आम्ही कोणाजवळ अवाक्षर काढलें नाहीं. पुतणीचें लग्न पार पडूं दे, मग पाहूं, अशी मनाची समजूत घातली. वस्तुतः 'कर्करोग' हा शब्द ऐकण्याची भीति होती.

दुसऱ्याच दिवशीं सूनबाईंनीं आम्हांस डॉक्टरांकडे नेलें. एम.आर.आय. झालें, परंतु गांठीचें खरें स्वरूप तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावरच ठरतें, असें त्यांनीं समजाविलें. निदान आलें, 'श्वॅनोमा'. म्हणजे मज्जातंतूच्या आवरणांतील पेशींपासून होणारें सौम्य अर्बुद. त्या पेशींस थिओडोर श्वान (१८१०–१८८२) या जर्मन शास्त्रज्ञाचें नांव आहे. 'श्वान' ऐकतांच नातू खो खो हंसला, आणि कित्येक दिवसांनीं आम्हीहि हंसलों.

अशीं अर्बुदें डोकें व मान या भागांत बरींच आढळतात. मुखांत क्वचितच, शेंकडा एकाच्या आसपास, आणि त्यांतहि जिभेवर अधिक. त्यांस बहुधा स्वतःचें वेष्टन असल्यानें जीभ राखून तीं समूळ काढतां येतात. मग तीं सहसा पुन्हा होत नाहींत. त्यांचें कर्करोगांत रूपांतर तर अत्यंत विरळ.

आमची गांठ निघाली. कांहीं दिवस पेजेवर काढले. पुढें 'चाळीस' पूर्ववत् झाले.

परंतु आम्ही वांचलों तें दैवानें, शहाणपणानें नव्हे. जिभेचा कर्करोगहि प्रारंभीं दुखतोच असें नाहीं. तो असता, तर ते सात महिने आम्हांस परत कोणी दिले असते ? तोंडांतील गांठ किंवा व्रण तीन आठवड्यांत न गेल्यास डॉक्टरांस दाखवावा, आणि त्याआधीं घरांत सांगावा. "स्पष्ट बोला" असें जन्मभर मुलांस बजावणाऱ्या आम्हांस हा धडा दहा वर्षांच्या नातवाकडून घ्यावा लागला.